गेटवरचा पिवळा वेल काढायचा का?

बी-३०२: सेक्रेटरीसाहेब, गेटच्या कमानीवरचा पिवळ्या फुलांचा वेल विषारी आहे म्हणे. काल लेकीने फूल तोडलं आणि तोच हात डोळ्याला लावला. डोळा लालभडक! वेल आधी काढा.

ए-१०१: अलामांडा ना? बारा महिने हिरवा असतो हो, वॉचमनला तेवढीच सावली. चिमणी कशी आहे आता?

बी-३०२: बरी आहे. नळाखाली बराच वेळ डोळा धुतला, डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले.

सी-४०४: बॉटनी शिकवण्यात जन्म गेला म्हणून लिहिते. मराठीत याचं नावच जहरी सोनटक्का. आपल्या वासाच्या सोनटक्क्याशी नातं काही नाही, हा कण्हेरीच्या कुळातला, मूळचा ब्राझीलकडचा. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये याला 'कॅथार्टिका' म्हटलं, म्हणजे जुलाब करणारा. देठ मोडला की पांढरा चीक येतो. कातडीला लागला तर खाज, पुरळ. पोटात गेला तर उलट्या-जुलाब. पण जिवावर बेतणारं झाड हवं असेल तर देवळामागची बिट्टी बघा! तीही याच कुळातली, फुलं पिवळीच. तिच्या बियांतलं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. आणि आपली पोरं त्याच बिट्ट्यांनी खेळतात. आज सकाळी घसरगुंडीखालून सात उचलल्या मी.

ए-१०१: अगंबाई! बिट्टीची फुलं तर मी दर सोमवारी शंकराला वाहते.

सी-४०४: फुलं वाहा, हात धुवा. पडलेली फळं मात्र रोज झाडून उचलायला हवीत.

डी-२०५: झाडांचं झालं असेल तर पार्किंगच्या गळतीचं कुणी बोलेल का? 🙏

सेक्रेटरी: रविवारी माळी येतोय. हाताला लागतील त्या फांद्या छाटून वेल वर बांधून घेतो.

सी-४०४: त्याला हातमोजे द्या. मागच्या छाटणीनंतर दोन्ही मनगटांवर पुरळ होतं बिचाऱ्याच्या, विचारलं तर म्हणे, "उन्हानं आलंय." आणि छाटलेला पाला बाहेर गाईंपुढे टाकू नका.

बी-३०२: ठीक आहे, वेल राहू दे. बिट्टी तोडा.

सेक्रेटरी: तोडायला महापालिकेची परवानगी लागते. तोवर बुंध्याभोवती जाळी लावू. खर्च मीटिंगमध्ये.

डी-२०५: गळती पण मीटिंगमध्येच ना?

सेक्रेटरी: 👍