शोपँचा ई मायनर प्रिल्यूड जॅझमध्ये: कॉर्ड बदलायचे की नाही?

पांढरी_तीन: पुण्यात घरगुती बैठकीसाठी पियानो-बेस-ड्रमवर शोपँचा ओपस 28 मधला चौथा प्रिल्यूड (छोटी पियानो-रचना) बसवणाऱ्यांना एकच सांगणं: कॉर्डना हात लावू नका. उजव्या हातात फारसं काही नाही, बी सुरावरून सी ला टेकायचं नि परत. जीव सगळा डाव्या हातात. पहिल्या चार बारांत (मापांत) बेस जी, एफ शार्प, एफ, ई असा अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरतो. कागदावर नुसतं 'ई मायनर' लिहिलं की बेसवाला पहिल्याच ठोक्याला ई मारतो. मग चौथ्या बारला ई वर येण्यात राहिलं काय? 'खाली जी' असं स्पष्ट लिहा.

बेसवाला: लिहिलं तरी अडतं. बोसानोव्हात (ब्राझिलियन ताल) हाताला रूट-पाचवा, म्हणजे मूळ सूर नि मग त्याचा पाचवा, असं वळण पडलेलं असतं. जी नंतर डी गेला की कानाला जी मेजर लागतो. डी ऐवजी बी घ्या. पियानोने ही ओळ खाली पुन्हा वाजवू नये, गाळ होतो.

उलटा_कॉर्ड: बेसचं मान्य, पण 'हात लावू नका' हे अति झालं. जॅझ सॅक्सोफोनवाला जेरी मलिगनने 1963 मध्ये हाच प्रिल्यूड बोसानोव्हावर घेतला, कुणाचं काय बिघडलं? एका जागी थांबलेल्या सुराखाली कॉर्ड हलवणं ही मुळात शोपँचीच युक्ती. दुसऱ्या फेरीत बी खाली सी मेजर सेव्हन्थ, ए मायनर, एफ सेव्हन्थ ठेवून बघा. तिथे कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजला तर बी अनुक्रमे सातवा, नववा, शार्प अकरावा होतो. एवढंही चालत नसेल तर ड्रमवाल्याला बोलावताच कशाला?

पांढरी_तीन: बी शोभेल हो, सी चं काय? सी मेजर सेव्हन्थमधला बी तुम्ही डाव्या हातात धरलेला, वर सुरावटीत सी. घासतंच.

उलटा_कॉर्ड: त्या एका मात्रेला सी सिक्स्थ धरा, बी सोडा. मिटलं.

बेसवाला: भांडताय कॉर्डवर, फसतं सोलोत. रचना 25 बारांची, तशीच फिरवली तर कुणालाच सम सापडत नाही. पहिले 12 बार फिरवा. बारावा बी सेव्हन्थवर थांबतो, आपोआप सुरुवातीला आणून सोडतो.

पांढरी_तीन: आणि सोळा-सतराव्या बारचा स्ट्रेटो (घाईने वाजवायचा भाग)? रचनेतला एकमेव स्फोट तो, तुमच्या फेऱ्यांत येतच नाही.

बेसवाला: सोलोनंतर 13 ते 25 जसेच्या तसे वाजवायचे. शेवटाला ड्रमवरचे ब्रश थांबवा, शेवटचे कॉर्ड पियानोला एकट्याला द्या.

उलटा_कॉर्ड: ड्रमऐवजी तबला असेल तर दायां पांढरी सातला (बी) लावा, तीनला (ई) नाही. बी सुरावटीत सतत आहेच, बेस उतरताना खटकत नाही.