पोरीला बी.एड. करायचंय, शिक्षक होणाऱ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती असते का?

बोरीकाठ
राम राम मंडळी. पारोळा तालुक्यातला शेतकरी आहे. लिहिण्यात चूकभूल असली तर सांभाळून घ्या, मोबाईलवर टाईप करतोय.

मोठी पोरगी यंदा अमळनेरहून बी.एस्सी. झाली. गणित विषय. लहानपणापासून घरात भिंतीवर खडूने लिहून धाकट्याला शिकवायची, दोन वेळा भिंत सारवावी लागली. आता बी.एड. करायचं म्हणते. सीईटी दिली, १०० पैकी ६१ मार्क आहेत. आम्ही ओबीसी. चार एकर कापूस, विहीर उन्हाळ्यात आटते. उत्पन्नाचा दाखला काढला की लाख-सव्वा लाखाच्या पुढे जात नाही.

ठिबकसाठी ४५ हजार बाजूला ठेवले होते. पोरीची आई म्हणते, "ठिबक नंतर व्हई जाई, पोरले आधी शिकाडा." पण मला कळत नाही एवढ्यात भागेल का. आणि गावातला एक जण मागे लागलाय. म्हणतो, कॅप-बिपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांच्या, भानगडीत पडू नका, ४० हजार आणा, सीट पक्की, वर्षभर यायचीही गरज नाही, फक्त परीक्षेला या. कॉलेज कुठलं ते इथं लिहीत नाही.

मास्तर होणाऱ्या पोरांसाठी सरकारची खास शिष्यवृत्ती असते असं ऐकलं. ती कुठे मिळते? जातीचा दाखला आहे. पडताळणी केलेली नाही.

तापीपार_मास्तर
भाऊ, आधी त्या ४० हजारवाल्याचा फोन उचलणं बंद करा. बाकीचं नंतर बोलू.

मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. "मास्तर होणाऱ्यांसाठी" अशी पाटी लावलेली शिष्यवृत्ती शोधू नका, त्यात दिवस जातील. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय खरं, की चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या देऊ, ग्रामीण भागातल्या मुलांना शिकून झाल्यावर आपल्याच भागात नोकरीत प्राधान्य देऊ. वाचायला फार गोड वाटतं. माझ्या ओळखीत ती कुणाच्या खात्यात पडलेली मी पाहिली नाही. तुमचे पैसे वाचतील ते जात, उत्पन्न आणि मुलगी असणं या तीन गोष्टींवर.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ते निम्मंच मिळायचं. बी.एड. त्यात बसतं. अट एकच, पण तीच सगळ्यांना बुडवते: प्रवेश कॅप फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था पातळीवरची सीट घेतली की माफी संपली. तो माणूस तुम्हाला कॅपपासून लांब का ठेवतोय ते आता समजलं असेल.

माझ्या भाच्याचं असंच झालं. दुसऱ्या फेरीत लांबचं कॉलेज लागलं म्हणून रुसून बसला, मग जवळच्या कॉलेजात संस्था पातळीवर जागा घेतली. दोन्ही वर्षांची पूर्ण फी बहिणीने भरली. बसभाड्याचे वाचलेले पैसे मोजले तर हसू येतं.

आणि "यायची गरज नाही" हे तर अजिबात ऐकू नका. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, नियमात बी.एड.ला तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. इंटर्नशिप कमीत कमी २० आठवडे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. आणि जिने वर्गात उभं राहून एक पाठ घेतला नाही ती उद्या ४० पोरांसमोर करणार काय? भिंतीवर शिकवणारी पोरगी आहे तुमची, तिला वर्गात जाऊ द्या.

आता तुमचं खरं दुखणं. जातीच्या दाखल्याची पडताळणी. आजच उठा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तुमच्या वडिलांचं किंवा आजोबांचं नाव जातीसकट कुठे लिहिलंय ते शोधायचं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर सगळ्यात भारी. ते नसेल तर गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी), जुनी खरेदीखतं. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, ऑनलाईन अर्ज, आणि कागद जळगावच्या जात पडताळणी समितीकडे. यंदाच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत अर्जाची पावती चालते का, किती मुदत आहे, ते पोरीला स्वतः वाचायला सांगा. सायबर कॅफेवाल्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

टाईमपास_धुळे
कशाला एवढी दगदग? बी.एड. करून गल्लीत बसलेली वीस पोरं मी दाखवतो. भरती निघते का? त्यापेक्षा डी.एड. केलं असतं बारावीनंतर, दोन वर्षांत मोकळी.

तापीपार_मास्तर
वीस नाही, चाळीस दाखवा, खोटं नाही म्हणणार. पण तुमचं अर्धंच बरोबर. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड.च (पूर्वीचं डी.एड.) लागतं. त्यामुळे बारावीचं पोरगं विचारायला आलं तर मीही आधी त्याला हेच विचारतो की, "लहान पोरं आवडतात का मोठी?" ही पोरगी मात्र गणितात पदवीधर आहे. सहावीपासून पुढे तिला वाट आहे, आणि गणित शिकवणारा शोधताना आमच्या केंद्रात काय हाल होतात ते मला माहीत आहे.

भाऊ, तरी तुम्हाला गोड गोड सांगून फसवत नाही. बी.एड.नंतर टीईटी (पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), मग पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारचं शिक्षक भरतीचं पोर्टल. टेट २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार मानधन. मी २००६ ला लागलो तेव्हा ३ हजार होतं, त्यातले आठशे खोलीभाडं. आणि आता सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने आमच्यासारख्या जुन्यांनाही टीईटी दिल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून रात्री मी आणि माझी दहावीतली पोरगी एकाच टेबलावर अभ्यासाला बसतो. ती माझी चाचणी घेते. मार्क विचारू नका.

केळीचं_पान
काका, मी जळगावला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळ यावल तालुका. मास्तर सरांनी फीचं सांगितलं, मी खात्याचं सांगते, कारण माझे पैसे त्यातच अडकले होते.

महाडीबीटीवर (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज भरायच्या आधी बघा: पोरीच्या आधारला जो मोबाईल नंबर आहे तो चालू आहे का. माझ्या आधारला मामाचा बंद पडलेला नंबर होता. ओटीपी हवेत जायचा. दुसरं, बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे आणि पैसे त्याच खात्यात येतील हे बँकेत जाऊन विचारा. मी पासबुक एका बँकेचं दिलं होतं आणि आधार जोडलेलं होतं दहावीतल्या दुसऱ्याच खात्याला. सहा महिने मी पोर्टलला शिव्या दिल्या, आणि पैसे त्या जुन्या खात्यात येऊन पडलेले. तिसरं, नॉन-क्रीमी लेअर आणि उत्पन्नाचा दाखला दोन्ही चालू मुदतीचे ठेवा. दुसऱ्या वर्षी अर्ज परत भरायचा असतो, आपोआप काही होत नाही.

काही कॉलेजं प्रवेशाच्या दिवशी म्हणतात, आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की परत देऊ. माझ्या मैत्रिणीचे अजून आलेले नाहीत. भांडायचं. शासन निर्णयाची प्रिंट हातात ठेवली की आवाज आपोआप खाली येतो (त्यांचा).

तुमचे ४५ हजार मात्र मोडायला लागतील थोडे. माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. पाठ टाचणाच्या वह्या, तक्ते, साडीचा गणवेश, प्रकल्पांचे प्रिंट, हे सगळं घरचं. घरून जाऊन-येऊन केलं तर एसटीचा विद्यार्थी मासिक पास काढा, दोन तृतीयांश सवलत आहे. बाहेरगावी खोली करून राहणार असेल आणि वसतिगृह मिळालं नाही, तर ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. गावानुसार रक्कम, मुंबई-पुण्याकडे वर्षाला ६० हजार, तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार. पण जिल्ह्याला ६०० जणांनाच, म्हणून मार्कांवर भांडण असतं.

शिंदखेडा_एक्स्प्रेस
मी खुल्या प्रवर्गातला, मुलगा. मला ठेंगा का?

तापीपार_मास्तर
ठेंगा नाही, निम्मा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ८ लाखांच्या आत, ५० टक्के. कॅपची अट तीच. वडील अल्पभूधारक असतील तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही बघा. आमच्या सातपुड्याच्या पाड्यांवरची पोरं असतील तर त्यांचं आदिवासी विभागाकडे: अडीच लाखांच्या आतल्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि राहण्या-जेवणासाठी स्वयम् योजना.

बोरीकाठ
सगळ्यांचे उपकार. चार दिवस निंदणी सोडून कागदांच्या मागे होतो.

४० हजारवाल्याला नाही म्हटलं. तो म्हणे, पस्तावशील.

पोरीला घेऊन गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तर नवीन आहेत, पण चांगले. लोखंडी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली, वाळवी लागलेली. दुपारी दोनपर्यंत आम्ही तिघं पानं उलटत होतो. पोरीलाच दिसलं. माझ्या वडिलांचं नाव, १९५४, जात स्पष्ट लिहिलेली. आडनाव नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव. मास्तर सर, आडनावाशिवाय चालेल का?

तापीपार_मास्तर
चालतं, तेव्हा आडनाव लिहायची पद्धतच कमी होती. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तोच माणूस हाच, असं नीट लिहा आणि सातबारावरचं त्यांचं पूर्ण नाव सोबत जोडा. रजिस्टरच्या उताऱ्याच्या साक्षांकित प्रती दोन-तीन घेऊन ठेवा, ते रजिस्टर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहील याची खात्री नाही.

बोरीकाठ
घेतल्या तीन. पोरीने मोबाईलवर फोटोही काढला. त्या ओळीत शेवटी शेरा आहे, तो ती घरी आल्यापासून सगळ्यांना वाचून दाखवतेय. "सतत गैरहजर. नाव कमी केले."