बाबांसाठी कॅमेरा घ्यायचाय, मदत हवी आहे

बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होतायत आणि आम्ही दोघी बहिणी मिळून त्यांना कॅमेरा देणार आहोत, बजेट साधारण एक लाख. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचं भयंकर वेड आहे, थंडीत भिगवणला फ्लेमिंगो आले की पहाटेच निघतात, होडीत बसून तासन्‌तास वाट बघतात. सध्या जुना निकॉन डी५२०० आणि ५५-३०० मिमीची लेन्स आहे, पण उडता पक्षी फोकसमध्ये येईपर्यंत निघून जातो आणि बाबांचा चेहरा उतरतो, ते बघवत नाही हो.

मी निकॉनचाच झेड५०-२ कॅमेरा बघितला, त्यात पक्षी ओळखणारा ऑटोफोकस आहे आणि एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावला की जुनी लेन्स चालते म्हणे. पण अ‍ॅडॉप्टर लावून फोकस स्लो होतो का? की सेकंडहँड निकॉन डी७५०० घेऊन उरलेले पैसे २००-५०० लेन्ससाठी ठेवू? ती लेन्सच सव्वादोन किलोच्या वर आहे आणि बाबांचा खांदा दुखतो, म्हणून मन होत नाहीये. निकॉनच्याच पी१००० कॅमेऱ्याचा झूम ३००० मिमी पर्यंत जातो पण सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) अगदीच छोटा, पहाटेच्या उजेडात कसा चालेल?

कोणी भिगवणला यातलं काही वापरलं असेल तर प्लीज सांगा.