नाशिकच्या गंगापूर रोडला हमिंगबर्ड? फोटोवरून ओळख हवी

प्रश्न: सोसायटीतल्या हमेलियाच्या फुलझाडावर ऑक्टोबरमध्ये काढलेले चार फोटो जोडलेत. पक्षी चिमणीहून लहान, पाठ मातकट हिरवी, पोट पिवळं, चोच बाकदार, हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध काळी पट्टी. चौथ्या, धूसर फोटोत तो फुलासमोर हवेतच थांबलाय. हमिंगबर्ड असेल का?

उत्तर १: हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, त्यामुळे नाशिकमध्ये तो पर्याय बाद. हा जांभळा शिंजीर (सनबर्ड, फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी), नर. वीण संपली की त्याचा झळाळता निळा-जांभळा रंग जातो, मादीसारखा पिसारा येतो आणि ती पट्टी तेवढी उरते. मादीला पट्टी नसते.

उत्तर २: सहमत. पंचरंगी शिंजिराची मादी असती तर गळा राखट पांढरा दिसला असता आणि पिवळा रंग छातीपासून सुरू झाला असता. लोटेनच्या शिंजिराची चोच बरीच लांब आणि जास्त वाकडी. पण ती बाजूनेच पाहावी, समोरून कुठलीही चोच आखूड वाटते. पुढच्या वेळी सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा. शिंजिराची झळाळी पिसांच्या रचनेमुळे दिसते, सावलीत तोच नर नुसता काळा येतो. कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/२००० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा.

उत्तर ३: पहिल्या तिन्हींबद्दल दुमत नाही, पण चौथा फोटो मोठा करून बघा. डोक्यावर दोन जाडसर शृंगिका (कीटकाच्या मिशा) आहेत आणि ‘चोच’ केसासारखी बारीक, फुलाच्या नळीत शिरलेली. ती सोंड आहे. हा हॉकमॉथ, दिवसा उडणारा पतंग. शिंजीरही क्षणभर तरंगतो, मात्र बहुधा देठाला धरूनच मध पितो.