उंदीर तीन वर्षे, हत्ती साठ वर्षे : हा चयापचयाचा हिशेब आहे काय?

प्रश्न : रेशीमबागेतील शिक्षिका

मी नागपुरात अकरावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. शरीर मोठे होत जाते तसा दर ग्रॅममागे चयापचयाचा, म्हणजे ऊर्जा जाळण्याचा, दर उतरत जातो, हे मुलांना लगेच पटते. परंतु 'म्हणूनच मोठे प्राणी अधिक जगतात' हे पुढचे वाक्य उच्चारताना माझीच जीभ अडखळते. परवा एका विद्यार्थ्याने फळ्यावर गणित मांडले. उंदराचे हृदय मिनिटाला 600 ठोके देते आणि तो फार तर 3 वर्षे जगतो. हत्तीचे 30 ठोके आणि आयुष्य 60 वर्षे. दोन्हीकडे उत्तर आले सुमारे 95 कोटी. प्रत्येक प्राणी ठोक्यांचा ठरावीक साठा घेऊन जन्माला येतो, असे शिकवणे योग्य ठरेल का?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

मॅडम, विद्यार्थ्याचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागेल.

आधी चयापचयाचे पाहू. 1883 मध्ये माक्स रुबनर यांनी असे मांडले, की शरीराची उष्णता कातडीतून बाहेर पडत असल्यामुळे चयापचय पृष्ठफळाच्या प्रमाणात, म्हणजे वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढायला हवा. पुढे 1932 मध्ये मॅक्स क्लायबर यांनी लहान-मोठ्या प्राण्यांची मोजमापे एकत्र मांडली, तेव्हा हा घात तीन-चतुर्थांशाच्या जवळ निघाला. 25 ग्रॅमचा उंदीर आणि 4,000 किलोचा हत्ती घ्या. वजनात फरक 1,60,000 पट, पण एकूण ऊर्जेच्या खर्चात केवळ 8,000 पट. म्हणजे हत्तीच्या एका ग्रॅमला उंदराच्या एका ग्रॅमच्या विसाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते. हत्तीच्या पेशींनी उंदराच्या वेगाने ऊर्जा जाळली असती, तर ती उष्णता त्याच्या कातडीतून बाहेर पडू शकली नसती. घात नेमका तीन-चतुर्थांशच का, यावर अजून वाद आहे. 1997 मध्ये वेस्ट, ब्राउन आणि एन्क्विस्ट यांनी रक्तवाहिन्यांच्या फांद्या-उपफांद्यांच्या रचनेतून त्याचे स्पष्टीकरण दिले. ते सर्वांना मान्य नाही.

आयुष्याशी सांगड घातली तीही रुबनर यांनीच. 1908 मध्ये त्यांना दिसले, की काही पाळीव प्राणी आयुष्यभरात दर ग्रॅममागे जवळपास सारखीच ऊर्जा खर्च करतात. रेमंड पर्ल यांनी 1928 मध्ये त्यावरून 'ऊर्जा जितक्या वेगाने जाळाल, तितके आयुष्य कमी' असा सिद्धांत केला, आणि 1956 मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मुक्त मूलकांची, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंची, कल्पना मांडून त्याला रासायनिक आधार दिला : ऑक्सिजन जितका जास्त वापराल, तितकी पेशींची हानी जास्त.

उत्तर : महालमधील एक वाचक

सर, हा सिद्धांत वटवाघळापाशी येऊन कोसळतो, हेही सांगायला हवे. सायबेरियात खुणेचे कडे घालून सोडलेले ब्रांट जातीचे एक वटवाघूळ 41 वर्षांनी जिवंत सापडले. त्या जातीचे वजन जेमतेम 7 ग्रॅम, म्हणजे उंदराहूनही कमी. हिवाळ्यातील दीर्घ झोपेत त्याचा खर्च वाचत असेल, असे कोणी म्हणेल. मग पक्ष्यांचे काय? त्यांचा चयापचय तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त असतो, तरी ते बहुधा कितीतरी अधिक जगतात. उलट पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या प्राण्यांचा चयापचय मंद असतो, पण आयुष्य त्या मानाने कमीच. आणि माणूस? 70 ठोक्यांनी 75 वर्षांचे 275 कोटी होतात. आपण साठा कधीच ओलांडला!

प्रश्नकर्ती

मग उंदीर आणि हत्तीचे आकडे जुळतात, ते निव्वळ योगायोगाने का?

निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

योगायोग नव्हे. आकार वाढला की ठोके मंदावतात आणि आयुष्यही वाढते. दोन्ही गोष्टी आकारालाच बांधलेल्या असल्यामुळे गुणाकार जवळपास स्थिर राहतो. परंतु त्यावरून एकामुळे दुसरी घडते, असे म्हणता येत नाही. 2007 मध्ये द मागाल्हाइश आणि सहकाऱ्यांनी वजनाचा आणि वंशसंबंधांचा प्रभाव वेगळा काढला, तेव्हा पक्ष्यांत आणि वार असलेल्या (म्हणजे पिल्लू पिशवीत नव्हे, तर गर्भाशयात पूर्ण वाढवणाऱ्या) सस्तन प्राण्यांत चयापचयाचा आयुर्मर्यादेशी संबंध उरला नाही.

माझ्या मते खरे कारण शिकारीत शोधावे. जो जीव लवकरच घुबडाच्या किंवा सापाच्या तोंडी जाणार आहे, त्याचे शरीर वर्षानुवर्षे दुरुस्त ठेवण्याने निसर्गनिवडीला काहीच लाभ नाही. त्याने भराभर प्रजनन उरकावे, हेच किफायतशीर. हत्तीवर हल्ला करणारे थोडे, वटवाघूळ उडून निसटते, म्हणून त्यांच्यात दुरुस्तीची यंत्रणा टिकून राहिली. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी अमेरिकेतील सापेलो बेटावरच्या ओपॉसम या पिशवीवाल्या लहान प्राण्यांची मुख्य भूमीवरील ओपॉसमांशी तुलना केली. बेटावर शिकारी प्राणी नव्हते, आणि तेथील ओपॉसम सावकाश म्हातारे होत होते. त्यांच्या शेपटीतील तंतूंचे कोलाजेन हे प्रथिनसुद्धा उशिरा ताठर होत होते. प्राणी तोच, आकारही साधारण तोच.

महालमधील एक वाचक

वर्गात कुत्र्याचेही उदाहरण द्यावे, मॅडम. एकाच प्रजातीत नियम उलटा फिरतो : ग्रेट डेन साधारण 8 ते 10 वर्षे जगतो आणि चिमुकला पॉमेरेनियन 12 वर्षांच्या पुढे सहज जातो. मोठे कुत्रे वेगाने वाढतात आणि वेगानेच म्हातारे होतात. त्यांच्या रक्तात वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-1 या संप्रेरकाचे प्रमाणही जास्त आढळते.