मदत हवी आहे: नोकरी बदलतोय, आई-वडिलांचा आरोग्य विमा तुटू नये यासाठी काय करावं?

ऐरोलीकर_८

नमस्कार मंडळी. महाप्याची नोकरी सोडून वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत जातोय. नोटीस पिरियडचे पाच आठवडे उरलेत.

आताची ग्रुप पॉलिसी ५ लाखांची. त्यात मी, पत्नी, ६ वर्षांची मुलगी आणि आई-वडील. वडील ७१, मधुमेह आणि एक स्टेंट. आई ६६, रक्तदाब. दोघांची नावं सलग ४ वर्षं पॉलिसीत आहेत. नव्या कंपनीची पॉलिसी ३ लाखांची, आई-वडील नाहीत.

१. दोघांसाठी आता नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांना ३ वर्षं थांबावं लागेल का?
२. जीएसटी गेला म्हणतात, मग एजंटने दिलेला आकडा एवढा मोठा कसा?
३. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं तर वडिलांची खासगी पॉलिसी नको का?

---

नौपाड्याचा_नाना

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या कामाच्या दिवसावर अवलंबून आहे, म्हणून ते आधी.

नवी पॉलिसी घेऊ नका. आहे तीच बदलून घ्या. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जाता येतं, याला मायग्रेशन म्हणतात. आई-वडिलांची ४ वर्षं झालीत. १ एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने आहे (आधी ४८ होता). म्हणजे मायग्रेशन नीट झालं तर त्यांचा वेटिंग संपलेला धरला जातो. पण फक्त ५ लाखांपर्यंत. १० लाखांची घेतलीत तर वरच्या ५ लाखांना घड्याळ पुन्हा शून्यापासून.

आजपासून क्रमाने हे करा:

- एचआरला मेल टाका: चारही वर्षांचं प्रत्येक सभासदाचं इन्शुरन्स सर्टिफिकेट हवं, त्यात नाव जोडल्याची तारीख दिसली पाहिजे. नुसतं ई-कार्ड चालत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण कंपनीने मध्येच विमा कंपनी बदललेली असते आणि जुने कागद कोणाकडेच नसतात. राजीनाम्यानंतर कंपनीचा मेल बंद होतो, तेव्हा सगळं स्वतःच्या मेलवर घ्या.
- त्याच विमा कंपनीला मायग्रेशनचा अर्ज आत्ताच द्या. ग्रुपमधून येणाऱ्यांची ते वैद्यकीय तपासणी मागू शकतात. स्टेंट असलेल्या माणसाच्या फाइलला वेळ लागतो.
- अर्जात मधुमेह कधीपासून, स्टेंट कुठल्या वर्षी, गोळ्या कोणत्या, सगळं लिहा. एजंट ‘बीपी कशाला लिहिताय’ म्हणाला तर एजंट बदला.
- ग्रुप कव्हर साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं, महिनाअखेरीस नव्हे. नवी पॉलिसी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली पाहिजे.

दुसऱ्या विमा कंपनीत जायचंच असेल तर आधी इथे मायग्रेशन, मग पुढच्या रिन्यूअलला पोर्ट. पोर्टचा अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी.

---

हिशेबनीस_घणसोली

दुसरा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच कव्हर) आणि ज्येष्ठांच्या पॉलिसी त्यात आल्या. ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के अजून आहेच. तुम्ही आजवर ग्रुपमध्ये होतात, त्यामुळे तुमच्या तुलनेत जीएसटी ‘गेला’ असं दिसणारच नाही. तिथला मूळ हप्ता बहुतेक कंपनी भरत होती.

तुलना नेहमी मूळ हप्त्याची मूळ हप्त्याशी करा. ५०,००० मूळ हप्ता असेल तर आधी ५९,००० जायचे, आता ५०,०००. आता कोणी ५७,००० मागत असेल तर ७,००० कशाचे वाढले ते लेखी मागा: दरवाढ किती, वयाचा टप्पा बदलल्यामुळे किती. विमा कंपन्यांना आता स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट या पॉलिसींवर मिळत नाही. तो भार कुठून तरी वसूल करायला त्या बघणार, हे माझं मत.

ज्येष्ठांसाठी ३० जानेवारी २०२५ चा इर्डाचा (विमा नियामक) आदेश लक्षात ठेवा: साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी इर्डाशी सल्लामसलत केली पाहिजे. नोटीस हातात आली की आधी टक्केवारी काढा.

आयकराच्या ८०-डी खाली ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्याला ५०,००० पर्यंत वजावट, पण जुन्या करप्रणालीतच आणि हप्ता रोख भरला तर नाही.

अवांतर: वागळे, रबाळे, तुर्भे पट्ट्यातले छोटे मालक सध्या एक हिशेब करतात. ग्रुपचा मूळ हप्ता ६ लाख असेल तर त्यांना ७,०८,००० पडतात आणि त्या जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही. म्हणून ‘आई-वडिलांना बाहेर काढा, वैयक्तिक घ्या, जीएसटी वाचेल’ असा सल्ला फिरतोय. मालकाचे पैसे वाचतात हे खरं. कर्मचाऱ्याची जुन्या आजारांवरची सवलत जाते, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मायग्रेशनची सोय लावून दिल्याशिवाय हे करणं मला अन्यायाचं वाटतं.

---

खारघर_ताई

नानांनी सांगितलंच आहे, मी रुग्णालयातल्या बाजूचं लिहिते.

पॉलिसी निवडताना खोलीभाड्याची मर्यादा आधी बघा, बाकीचं नंतर. ५ लाखांच्या पॉलिसीत ही मर्यादा १ टक्का असेल तर दिवसाला ५,०००. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच रुग्णालयांत त्यात सिंगल रूम मिळत नाही. समजा ८,००० ची घेतली. मग फक्त रोजचे ३,००० खिशातून जात नाहीत. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं बिल पाच-अष्टमांश प्रमाणात मंजूर होतं. हा भाग १,६०,००० असेल तर १,००,००० मिळतात. ६०,००० तुमचे. औषधं, स्टेंटसारखी इम्प्लांट, तपासण्या यांवर ही कात्री चालत नाही. चालवली असेल तर भांडा.

को-पे (प्रत्येक बिलातला आपला वाटा) २० टक्के असलेल्या ज्येष्ठ पॉलिसी स्वस्त दिसतात. ४ लाखांच्या बिलात ८०,००० आपले, हे धरून स्वस्त की महाग ते ठरवा.

कॅशलेसचा नियम आता असा: पूर्वमंजुरीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा, डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत. त्यापुढे उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. अडतं कुठे? घड्याळ कंपनीकडे कागद पोचल्यावर चालू होतं. रुग्णालयाचं बिलिंग संध्याकाळी फाइल पाठवतं आणि शिव्या टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) पडतात. सकाळी राउंडला डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितला की टीपीए डेस्कवर जाऊन फाइल किती वाजता गेली ते विचारा आणि लिहून ठेवा.

आणि भरती होताना जो डॉक्टर माहिती लिहून घेतो, त्याला वडिलांचा मधुमेह किती वर्षांचा ते अचूक सांगा. घाईत कोणी ‘दहा वर्षं’ म्हणतं, अर्जात सहा लिहिलेली असतात, आणि क्लेम तिथेच लटकतो. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. तुमची ४ वर्षं त्यात धरली जाण्यासाठीसुद्धा ती सर्टिफिकेटं लागतील.

---

कोपरी_पूर्व

तिसरा प्रश्न. ७० पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे. वर्षाला ५ लाख, घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून ५. खासगी विमा असला तरी चालतो. जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण. काढायला आयुष्मान अ‍ॅप किंवा पोर्टल, आधारची ई-केवायसी, बस. मदतीला १४५५५.

पण खासगी पॉलिसी सोडू नका. हे फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयांत चालतं, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे आणि भरती झाल्यावरच. ओपीडी नाही. तुमच्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञांचं रुग्णालय यादीत आहे का, आणि आहे तर हृदयविकारासाठी आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) आधीच विचारा. रुग्णालय यादीत असतं, पण विशिष्ट विभाग नसतो, असं होतं.

आई ६६ ची, तिला हे कार्ड नाही. तिच्यासाठी रेशनकार्ड बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पिवळ्या-केशरीबरोबर आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. रेशनकार्डात आईचं नाव आहे ना, आणि ते आधारशी जुळतं ना, एवढं तपासा.

---

ऐरोलीकर_८

सगळ्यांचे मनापासून आभार. एचआरला मेल गेला. दोन शंका. नव्या कंपनीचे ३ लाख कमी वाटतात, टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी) घेऊ का? आणि वडिलांची जन्मतारीख आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी आहे.

---

नौपाड्याचा_नाना

टॉप-अप नको, सुपर टॉप-अप घ्या. ३ लाखांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले ३ लाख सोडून वरचं देणारा. फरक असा: वर्षात दोनदा भरती, २.५ आणि २ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक भरती वेगळी मोजतो, काहीच देत नाही. सुपर टॉप-अप ४.५ लाखांची बेरीज करतो आणि १.५ देतो. हा तुम्हा तिघांसाठी. आई-वडिलांना त्यात घालू नका, त्यांच्या वयाने सगळ्यांचा हप्ता वर जाईल.

तारखेचं मायग्रेशनच्या आधी मिटवा. वय वंदना कार्डाला आधारवरचंच वय धरतात. विमा कंपनी केवायसीला आधारच घेते. आधारवर ७० पूर्ण दिसत असतील आणि दाखल्यात वर्षभराचाच फरक असेल तर अर्जात आधारचीच तारीख सगळीकडे सारखी लिहा. आधारच चुकीचं असेल तर पुरावा पक्का करून जा, जन्मतारीख एकदाच बदलू देतात.

---

हिशेबनीस_घणसोली

एक राहिलं. मायग्रेशन नाकारलं किंवा नंतर क्लेम अडवला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नवी मुंबई, ठाणे, रायगड, पालघरसाठी आता ठाण्यातच कार्यालय आहे, मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जा. नकाराचं पत्र कुठलं कलम लावलंय त्यासकट लेखी घ्या, फोनवरचा ‘नाही’ तिथे उपयोगाचा नाही.