मदत हवी आहे: उल्काकाचेच्या हत्यारांची नक्कल कशी करावी?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. भाचीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लिबियन वाळवंटी काचेच्या अश्मयुगीन पात्यांची नक्कल करायची आहे.

ही पिवळसर काच इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात सापडते. सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी उल्काघाताच्या उष्णतेने वाळू वितळून ती तयार झाली. त्यात जवळपास ९८ टक्के सिलिका. फुटली की शिंपल्यासारखा गोलसर भंग होतो आणि कडा वस्तऱ्याइतकी धारदार निघते, म्हणून तिथल्या माणसांनी पाती, तासण्या घडवल्या. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेनच्या पदकातला भुंगाही याच काचेचा! आपल्या लोणारच्या उल्काविवरातली काच काळी आणि बारीक, ती इथे कामाची नाही.

खरी काच परवडणारी नाही. (ऑनलाइन 'अस्सल' म्हणून काय काय विकतात, बघूनच हसू येतं.) म्हणून बाटलीचा जाड तळ घेणार आहे. पण त्यातून छिलके (पातळ तुकडे) काढायला काय वापरू? त्यासाठी वापरतात ते सांबरशिंग कायद्याने ठेवता येत नाही. तांब्याची कांब चालेल का? कडेला आधी दगडाने घासून घ्यावं लागतं म्हणे, ते किती? गॉगल, चामडी हातमोजे आहेत, घडवणं मीच करेन. कोल्हापूर-सांगलीकडे कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा, येऊन बघेन.